प्रतिनायकाची द्व्यर्थता : ‘नाउशिका’ या चित्रकथेतील कुशाना

१

अद्भुतरम्य कथेत प्रतिनायकाचे स्थान जितके अटळ, तितकेच ते समीक्षकांकडून गृहीत धरले जाते. नायकाच्या गुणांना उठाव मिळावा म्हणून त्याच्यासमोर एक काळी पार्श्वभूमी हवी असते, आणि प्रतिनायक ती पुरवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आपल्या नाट्यशास्त्रीय परंपरेनेही या समजुतीला आधार दिला आहे. धनंजयाच्या ‘दशरूपका’त प्रतिनायकाचे लक्षण म्हणून लोभ, उद्धटपणा, ताठा, पापाचरण आणि व्यसनासक्ती असे दोष एकापुढे एक मांडलेले आहेत, आणि रामाला रावण, युधिष्ठिराला दुर्योधन अशा जोड्या टीकाकार धनिक उदाहरणादाखल देतो. लक्षणाची ही रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रतिनायकत्व हा येथे एक गुणसमुच्चय ठरतो : विशिष्ट दोष ज्याच्या ठिकाणी एकत्र आले, तो प्रतिनायक.

नाटककारांची प्रतिभा मात्र या लक्षणाच्या चौकटीत राहिलेली नाही. भासाच्या नावावर असलेल्या ‘ऊरुभंगा’तील दुर्योधन मांड्या मोडून भूमीवर पडलेला असता बलरामाचा क्रोध आवरतो आणि आपल्या लहानग्या मुलाला पांडवांची सेवा करण्याचा उपदेश करतो. त्याने केलेला अन्याय यामुळे पुसला जात नाही. पण तो अन्याय आणि ही उदात्तता यांपैकी एकालाच खरे मानण्याची सोय प्रेक्षकाला उरत नाही. दुष्ट पात्राच्या नैतिक द्व्यर्थतेचा प्रश्न येथून सुरू होतो.

अलीकडे कॉमिक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकथांच्या संदर्भात हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो. निव्वळ दुष्ट असा प्रतिनायक आता वाचकाला पुरत नाही. त्याला ‘गुंतागुंत’ हवी असते. परंतु ही गुंतागुंत निर्माण कशी होते, याविषयीची प्रचलित कल्पना फार तोकडी आहे. दुष्टाला एक दुःखद पूर्वेतिहास जोडून दिला की काम झाले, असे पुष्कळ लेखक मानतात. ही कल्पना का अपुरी आहे आणि तिच्या जागी काय असावयास हवे, याचा विचार येथे एका प्रत्यक्ष कृतीच्या आधारे करावयाचा आहे. ती कृती म्हणजे जपानी चित्रकथाकार व चित्रपटदिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांची ‘पवनखोऱ्यातील नाउशिका’ ही चित्रकथा, आणि ते पात्र म्हणजे तोरुमेकिया राज्याची राजकन्या व सेनानी कुशाना.

२

प्रथम एका शब्दाचा निर्णय केला पाहिजे. नैतिक दृष्ट्या ‘संदिग्ध’ पात्र असे आपण सहज म्हणतो. परंतु भाषाविचारात दोन गोष्टी वेगळ्या मानाव्या लागतात : धूसरता आणि द्व्यर्थता. ‘तो उंच आहे’ या वाक्यात उंचीची सीमा कोठे, हे ठरलेले नाही, ही धूसरता. श्लेषात मात्र दोन अर्थ असतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे निश्चित असतात. विशेषतः अभंग श्लेषात शब्द कोठेही न तोडता तो सबंध शब्दच दोन अर्थांनी उभा राहतो. तेथे अर्थ अंधुक नसतो, तर दुहेरी असतो.

बऱ्याच चित्रकथांतील तथाकथित गुंतागुंतीचे प्रतिनायक हे वस्तुतः धूसर असतात. ते थोडे वाईट, थोडे चांगले असतात. त्यांचे अपराध वाचकाच्या दृष्टीआड घडतात आणि त्यांचे अश्रू मात्र समोर दिसतात. खरी द्व्यर्थता निराळी आहे. तेथे पात्राचा अपराध पूर्णपणे अपराध असतो आणि त्याची थोरवीही पूर्णपणे थोरवी असते. किंबहुना एकच कृती दोन्ही अर्थ एकाच वेळी धारण करते.

पूर्वेतिहासाने ही द्व्यर्थता साधत नाही, याचे कारण उघड आहे. पूर्वेतिहास कारण देतो. कारण हे कृतीचा उलगडा करते, पण तिला दुसरा अर्थ देत नाही. अमेरिकन चित्रकथांतील मॅग्नेटो हे पात्र १९६३ मध्ये ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात आले, तेव्हा ते निखळ खलपात्र होते. पुढे १९८० च्या दशकात लेखक ख्रिस क्लेरमाँट यांनी त्याला नाझी छळछावणीतून वाचलेल्या माणसाचा भूतकाळ दिला. हे पात्र त्यामुळे निःसंशय सखोल झाले. पण ते केवळ भूतकाळामुळे नव्हे, तर त्या भूतकाळातून त्याचा नायकपक्षाशी एक खराखुरा वाद उभा राहिला म्हणून. अनुकरण करणाऱ्यांनी भूतकाळ तेवढा उचलला, वाद मागे राहिला.

३

‘नाउशिका’ ही चित्रकथा ‘अ‍ॅनिमेज’ या जपानी मासिकातून फेब्रुवारी १९८२ पासून मार्च १९९४ पर्यंत, मध्ये अनेकदा खंड पडत, क्रमशः प्रसिद्ध झाली आणि पुस्तकरूपाने तिचे ७ खंड झाले. नायिकेचे नाव होमरच्या ‘ओडिसी’तून घेतलेले आहे, आणि तिच्या घडणीमागे किड्यांवर प्रेम करणाऱ्या एका राजकन्येची प्राचीन जपानी कथाही आहे. कथेचा काळ दूरच्या भविष्यातला आहे. यंत्रसंस्कृती एका महायुद्धात नष्ट होऊन हजार वर्षे लोटली आहेत. पृथ्वीचा मोठा भाग विषारी बुरशीच्या अरण्याने व्यापला आहे आणि ओमू नावाचे महाकाय कीटक त्या अरण्याचे जणू रक्षण करीत आहेत. उरलेल्या भूमीसाठी तोरुमेकियाचे राज्य आणि दोरोकांचे साम्राज्य यांच्यात युद्ध पेटते, आणि पवनखोरे या चिमुकल्या राज्याची राजकन्या नाउशिका त्या युद्धात ओढली जाते.

याच कथेवर मियाझाकी यांनी १९८४ मध्ये चित्रपट केला. त्या वेळी चित्रकथेचा आरंभीचा भागच लिहून झाला होता. यामुळे अभ्यासकाला एक दुर्मीळ संधी लाभते. भाषाशास्त्रात दोन ध्वनी अर्थभेदक आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी लघुतम युग्म पाहतात : ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांत बाकी सारे सारखे, एकच वर्ण वेगळा, आणि अर्थ बदलतो, यावरून तो फरक निर्णायक आहे हे सिद्ध होते. कुशाना हे पात्र चित्रपटात आणि चित्रकथेत असे जवळजवळ लघुतम युग्म बनले आहे. कर्ता एक, नाव एक, पोशाख व पदही एकच; तरीही दोन पात्रांची नैतिक प्रत भिन्न आहे. फरक नेमका कोठे आहे, ते पाहिले म्हणजे द्व्यर्थता कशातून निर्माण होते हे कळते.

चित्रपटातील कुशाना आक्रमक म्हणून येते. तिचे सैनिक पवनखोऱ्यावर उतरतात, नाउशिकाच्या आजारी पित्याला ठार मारतात आणि खोरे ताब्यात घेतात. पुढे तिचा एक हात कृत्रिम असल्याचे उघड होते. कीटकांनी केलेल्या या हानीतून तिचा विषारण्य जाळण्याचा निश्चय आलेला आहे, असे प्रेक्षकाला समजते. म्हणजे दुष्कृत्य आहे, आणि त्याचे कारणही दिलेले आहे. तिच्या वागण्याचा उलगडा होतो. पण दुसरा अर्थ उभा राहतो काय? फारसा नाही.

चित्रकथेत हा कृत्रिम हात नाही. नाउशिकाचा पिता रोगाने मरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पवनखोरे तोरुमेकियाशी जुन्या तहाने बांधलेले आहे. युद्धाची हाक आली की खोऱ्याच्या प्रमुखाने सैन्य घेऊन जावयाचे. पिता अंथरुणाला खिळलेला म्हणून नाउशिका त्याच्या जागी जाते, ती कुशानाच्या हाताखाली लढण्यासाठी. अशा रीतीने शत्रुत्वाच्या जागी तहाचे बंधन आले, आणि एवढ्या एका फरकाने सारे बदलले. चित्रपटात नाउशिका कुशानाला विरोध करते; चित्रकथेत तिला कुशानाबरोबर चालावे लागते, आणि चालता चालता तिच्या कृत्यांची अंशतः भागीदारही व्हावे लागते.

यातून निघणारा सिद्धान्त असा : नैतिक द्व्यर्थता हा पात्राचा गुण नसून तो एक संबंध आहे. भाषेतील वर्णाला जसे इतर वर्णांशी असलेल्या भेदामुळेच मूल्य प्राप्त होते, तसे प्रतिनायकाचे मूल्य तो कोणाशी कसा बांधलेला आहे यावरून ठरते. ‘दशरूपका’तील गुणसमुच्चयाची कल्पना याच ठिकाणी अपुरी पडते, आणि पूर्वेतिहासाची आधुनिक कल्पनाही, कारण तीही पात्राच्या ठिकाणी आणखी एक गुणच जोडते.

४

हे संबंध मियाझाकी यांनी कसे विणले आहेत, ते आता पाहावे.

कुशाना ही राजाची सर्वांत धाकटी संतती. तीन थोरले भाऊ आणि बाप यांना ती नकोशी झालेली आहे. तिच्यासाठी ठेवलेले विष तिच्या आईने प्राशन केले आणि तिचे मन कायमचे भ्रमिष्ट झाले. एका बाहुलीलाच ती आपली मुलगी समजते. हा पूर्वेतिहास दुःखद आहे खराच. परंतु कथेत त्याचा उपयोग कुशानाच्या कृत्यांची सबब म्हणून केलेला नाही. पेजिते या लहान नगरराज्याचा विध्वंस तिच्याच सैन्याने केलेला आहे, आणि त्या नगराचा राजपुत्र आसुबेल कथेत जिवंत वावरत असल्यामुळे तो आरोप कधीही मागे घेतला जात नाही. आईच्या दुःखाने पेजितेचे मृत माफ होत नाहीत. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहतात, आणि वाचकाला दोन्ही वाचाव्या लागतात.

दुसरा संबंध तिच्या सैनिकांशी. तिने स्वतः घडविलेली सेना राजाने तिच्यापासून काढून घेऊन दक्षिणेच्या आघाडीवर मरावयास पाठविली आहे. ती सेना परत मिळवावी, ही तिची आस. ही आस सत्तेची आहे की वात्सल्याची? सूड घेण्यासाठी तिला सेना हवी आहे, हे खरे. त्या माणसांना टाकून देणे तिला असह्य आहे, हेही तितकेच खरे. पुढे कीटकांच्या प्रचंड हल्ल्यात तिचा एक भाऊ सैन्याला वाऱ्यावर सोडून पळू पाहतो आणि मारला जातो, तेव्हा सूड तिच्या हातून निसटतो. त्याच हल्ल्यात ती मरणोन्मुख सैनिकाला जवळ घेऊन अंगाईगीत गाते. सेनापतीचे आणि मातेचे असे दोन अर्थ या एका कृतीत आहेत. शिवाय त्यात वेड्या आईचा प्रतिध्वनी आहे : आई बाहुलीला थोपटते, मुलगी सैनिकाला. ज्या माणसांना तिने मृत्यूच्या दारी आणले, त्यांनाच ती झोपवीत आहे. हाच तो अभंग श्लेष. येथे कृती कोठेही तोडावी लागत नाही.

तिसरा संबंध नाउशिकाशी. सापाता या वेढलेल्या नगरात तोरुमेकियाच्या सैन्याने दोरोक प्रजाजनांना कैद केलेले असते. त्यांना सोडावे अशी नाउशिकाची मागणी आणि स्वारांच्या हल्ल्यात तिने सामील व्हावे ही कुशानाची अट, असा सौदा होतो. नाउशिका घोडदळाबरोबर बाहेर पडते. तिचा वाहनपक्षी काई तिला वाचविताना मरतो. तिला पाठीशी घालणारे सैनिकही पडतात. कैदी सुटतात, पण ते प्राण इतर प्राणांच्या मोलाने विकत घेतलेले असतात. येथे कुशानाची अट क्रूर म्हणावी, तर तिने शब्द पाळला आहे. नाउशिकाची करुणा निर्मळ म्हणावी, तर तिचे मोल दुसऱ्यांनी भरले आहे. नायिकेच्या शुद्धतेला बाध आणल्याशिवाय प्रतिनायिकेला खोली देता येत नाही, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. एकाचेच माप बदलून भागत नाही. दोघांना एकाच मापाने मोजावे लागते.

या मोजमापाचा शेवट शुवा येथील गर्भगृहात होतो. तेथे प्राचीन मानवांनी भावी, शांत स्वभावाच्या मानवजातीची बीजे जपून ठेवली आहेत. वर्तमान मानव हे त्या योजनेतील केवळ मधले साधन आहेत, हे कळल्यावर नाउशिका महाकाय देवसैनिकाच्या हातून ते गर्भगृह नष्ट करविते, आणि जे कळले ते लोकांपासून लपविते. ज्या नायिकेने किड्याचाही जीव वाचविला, तिने न जन्मलेल्या मानवांचा नाश करावा, ही घटना वाचकाला सुखाने पचविता येत नाही. आणि ती पचू नये, अशीच योजना आहे. येथपर्यंत आलेल्या वाचकाला कुशानाकडे वरून पाहण्याचा अधिकार उरलेला नसतो.

५

चित्रकथा हे केवळ कथेचे माध्यम नव्हे. त्यात चित्र आणि उक्ती एकत्र नांदतात. म्हणून द्व्यर्थतेची साधनेही दुहेरी आहेत.

चित्राच्या बाजूने पाहता, कुशानाचा चेहरा हा शिरस्त्राण आणि चिलखत यांच्याशी सतत खेळविला आहे. झाकलेला चेहरा आज्ञेचा आणि उघडा चेहरा मनाचा, असा सोपा संकेत मात्र मियाझाकी पाळीत नाहीत. तिचा उघडा चेहराही पुष्कळदा वाचता येत नाही, आणि दोन चौकटींमधील मोकळ्या जागेत तिने काय ठरविले हे पुढची कृती पाहूनच समजते. कादंबरीकाराला अशा वेळी पात्राच्या मनात शिरण्याचा मोह होतो. चित्रकथेत मौन हे स्वाभाविक असते, आणि निर्णय वाचकावर सोपविणे तिला सहज साधते.

उक्तीच्या बाजूने जपानी भाषेचे एक वैशिष्ट्य उपयोगी पडते. कथावाङ्मयात वक्त्याचे वय, लिंग, दर्जा, व्यवसाय हे ठराविक सर्वनामे व वाक्यान्तीचे निपात यांच्या साहाय्याने सुचविले जातात. सातोशी किन्सुई या भाषाशास्त्रज्ञांनी अशा भाषेला जे नाव दिले आहे, त्याचा अर्थ भूमिकाभाषा असा होतो. त्यांचे या विषयावरील पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. वृद्ध ज्ञानी असे बोलतो, राजकन्या तसे बोलते, ही वाचकाची अपेक्षा प्रत्यक्ष व्यवहारातील भाषेपेक्षा वाङ्मयीन रूढीवर अधिक उभी असते. कुशाना राजकन्या आहे. परंतु राजकन्येची म्हणून ओळखली जाणारी मृदू रूपे ती वापरीत नाही. तिचे बोलणे सेनापतीचे, आखूड आणि आज्ञार्थी आहे. रूढ भूमिका आणि प्रत्यक्ष भाषा यांतील ही फट वाचकाला प्रत्येक संवादफुग्यात जाणवत राहते. अंगाईगीताचा प्रसंग इतका परिणाम करतो, याचे एक कारण तेथे तिचा स्वर प्रथमच बदलतो, हे होय.

मराठीत असे पात्र लिहू पाहणाऱ्याने येथे थोडे थांबावे. मराठी क्रियापद वक्त्याचे लिंग सांगून टाकते : ‘मी जातो’, ‘मी जाते’. त्यामुळे जपानीतील ही विशिष्ट फट मराठीत जशीच्या तशी पाडता येणार नाही. परंतु मराठीजवळ स्वतःची साधने आहेत. ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांतील राजपुरुष स्वतःला ‘आम्ही’ म्हणतात. समोरच्याला ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ म्हणावे, यात सत्ता, जवळीक आणि तिरस्कार या तिन्ही छटा सामावतात. दरबारात ‘आम्ही’ म्हणणारी सेनानी मरणाऱ्या शिपायाजवळ ‘मी’ म्हणाली, तर कोणतेही स्पष्टीकरण न देता दुसरा अर्थ उभा राहील. द्व्यर्थता ही व्याकरणाच्या इतक्या लहान जागी वसू शकते, याची जाणीव लेखकाला हवी.

६

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. कुशानाला जी खोली मिळाली, तिची काही किंमत इतर पात्रांनी चुकविली आहे. तिचे भाऊ बराच काळ स्थूल, भोगी आणि मूर्ख असे व्यंगचित्रासारखे रेखाटलेले आहेत. शरीराच्या बेढबपणातून नीतीचा बेढबपणा सुचविण्याची जुनीच रूढी येथे आहे. संबंधांच्या जाळ्यात एखाद्या पात्राला उंची देण्यासाठी शेजारी कोणी तरी ठेंगणे लागते, हा या रचनेचा धोका आहे. मियाझाकी यांना तो जाणवला असावा, असे उत्तरार्धावरून वाटते. दोन थोरले राजपुत्र शुवाजवळच्या उद्यानात संगीत व ग्रंथ यांत रमून मागे राहतात. अगदी क्रूर भासलेला दोरोक शासक मिरालुपाही एके काळी प्रजेच्या हिताची तळमळ असलेला राज्यकर्ता होता, असे उघड होते आणि मरणोत्तर त्याच्या भेदरलेल्या आत्म्याला नाउशिका सोबत घेते. मात्र मिरालुपाच्या बाबतीत करुणा काहीशी स्वस्त झाली आहे. त्याच्या अत्याचाराला बळी पडलेल्यांचा आवाज त्या क्षणी ऐकू येत नाही. क्षमा करणारी नाउशिका असते, ज्यांनी क्षमा करावयाची ते अनुपस्थित असतात.

कुशानाच्या बाबतीत हे घडत नाही, आणि म्हणूनच ते पात्र श्रेष्ठ ठरते. ज्यांचे तिने वाटोळे केले, ते दोरोक लोक अखेरच्या खंडात तिच्यावर सूड उगविण्यास धावतात. त्यांचा संताप न्याय्य आहे, हे कथा मान्य करते. वृद्ध योद्धा युपा मध्ये पडतो आणि तिच्या वाट्याचे घाव स्वतः घेऊन मरतो. तिची सुटका होते, पण निर्दोषत्वाने नव्हे. एका निरपराध माणसाच्या मरणाचे ऋण तिच्यावर चढते. कथेच्या अखेरीस राजा मरताना राज्य तिला देतो. ती राज्यकारभार पाहते, परंतु राजपद न स्वीकारता आजन्म केवळ प्रतिनिधी म्हणून. मुकुट नाकारण्याच्या या कृतीचेही दोन अर्थ होतात : तो विनय असू शकेल, किंवा आपल्या हातांना लागलेल्या रक्ताची कबुली असू शकेल. लेखक निवड करीत नाही.

मराठी वाचकाला खलत्वाच्या फेरविचाराची सवय आहे. कर्णाला केंद्रस्थानी आणणाऱ्या ‘मृत्युंजय’ला (१९६७) लाभलेली अफाट लोकप्रियता त्याची साक्ष आहे. परंतु उपेक्षिताला नायक करणे आणि प्रतिनायकाला द्व्यर्थी करणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत एक निवाडा रद्द होऊन दुसरा दिला जातो. दुसरीत निवाड्याचा भार वाचकावरच राहतो. दुष्टाला समजून घेणे म्हणजे त्याला सोडून देणे, अशी गल्लत जेथे होते, तेथे बळी पडलेल्यांना दुसऱ्यांदा मुके केले जाते. म्हणून प्रतिनायक लिहिणाऱ्यापुढचा पहिला प्रश्न ‘याच्यावर कोणता अन्याय झाला?’ हा नसावा. ‘याने ज्यांच्यावर अन्याय केला, ते कथेत कोठे उभे आहेत, आणि त्यांच्या देखत हा कसा वागतो?’ हा असावा. या प्रश्नाचे उत्तर ज्या कथेत दिलेले असते, तेथे पूर्वेतिहासाची फारशी गरज पडत नाही. आणि ज्या कथेत ते नसते, तेथे कितीही करुण पूर्वेतिहास जोडला तरी पात्र धूसरच राहते.